सूर्याजवळचे तरुण सहगामी तारे: बीटा पिक्टोरिस गट ओळखायचा कसा, तपासायचा कसा

कालपुरुष

कृत्तिका हा पुंजका आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, वर बघितलं की दिसतो. पण सूर्याच्या अगदी शेजारी, दीडशे-दोनशे प्रकाशवर्षांच्या आत, असेही तारे आहेत की जे एकाच ढगातून जन्मले, आजही एकाच दिशेने जवळजवळ एकाच वेगाने चाललेत, आणि तरी आकाशात बघून त्यांचं नातं कुणाच्या ध्यानात येणार नाही. यांना मूव्हिंग ग्रुप म्हणतात. मराठीत मी 'सहगामी गट' लिहितो, कुणाला आणखी चांगला शब्द सुचला तर सांगा.

या धाग्यात बीटा पिक्टोरिस गट धरून बोलू, कारण तो जवळचा आहे आणि त्यातल्या दोन ताऱ्यांवर सगळं गणित हाताने करून बघता येतं.

पहिला तारा खुद्द बीटा पिक्टोरिस. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ३.९, अंतर १९.६ पार्सेक म्हणजे ६४ प्रकाशवर्षं. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्याहून तो दक्षिणेला क्षितिजावर २० अंशांवर येतो, गोव्यातून २३ अंशांवर. आधी अगस्ती शोधा. त्याच्या उजवीकडे, किंचित वर, सहा अंशांवर हा आहे. क्षितिजाजवळच्या धुरक्यात तेज सहज अर्ध्या प्रतीने उतरतं, म्हणून सोबत दुर्बीण ठेवा. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला याच्याभोवती जादा अवरक्त प्रकाश सापडला आणि १९८४ मध्ये धुळीच्या तबकडीचं थेट चित्र मिळालं.

दुसरा एयू मायक्रोस्कोपी. लाल बटू, म्हणजे छोटा, थंड तारा, प्रत ८.७ च्या आसपास, अंतर ९.७ पार्सेक. आकाशात हे दोघे एकमेकांपासून जवळजवळ ९० अंशांवर आहेत. एक दक्षिणेला माथ्यावर असतो तेव्हा दुसरा क्षितिजाखाली असतो. कारण साधं आहे: हा गट आपल्यापासून लांब कुठेतरी नाही, आपण जवळपास त्याच्यातच उभे आहोत. रानात उभं राहिलं की झाडं चहूबाजूंना दिसतात, तसं.

थोडा इतिहास, कारण शोधाची पद्धत त्यातूनच कळते. वासुकी तारकासमूहातला टीडब्ल्यू हायड्री हा तारा टी टॉरी जातीचा, म्हणजे अगदी कोवळा आहे, पण त्याच्या आसपास जन्मढग नाही, हे १९८३ मध्ये लक्षात आलं. १९८९ मध्ये त्याच्या परिसरात तसेच आणखी चार सापडले. हा एक गटच आहे हे १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे मांडलं गेलं. १९९९ मध्ये एयू आणि एटी मायक्रोस्कोपी हे बीटा पिक्टोरिसचे सहप्रवासी असल्याचं दाखवलं गेलं, आणि २००१ मध्ये झुकरमन व सहकाऱ्यांनी 'बीटा पिक्टोरिस मूव्हिंग ग्रुप' पुढे आणला. ढग नसलेला तरुण तारा दिसला की त्याची भावंडं शोधायची, ही रीत तिथून पडली.

आर्द्रा

धागा छान. दोन्ही ताऱ्यांचं गणित इथेच मांडते, म्हणजे ज्यांना करून बघायचंय त्यांना ताळा मिळेल.

लागतात सहा गोष्टी: विषुवांश आणि क्रांती (ताऱ्याची आकाशातली जागा), पॅरलॅक्स (यावरून अंतर निघतं), निजगतीचे (आकाशातल्या आडव्या सरकण्याचे) दोन घटक आणि अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा). पहिल्या पाच गाया उपग्रहाच्या डीआर-३ या माहितीसंचात मिळतात. अरीय वेग तिथे असेल तर ठीक, नाहीतर वर्णपटातून काढायचा.

एयू मायक्रोस्कोपी: पॅरलॅक्स १०२.९४ मिलीआर्कसेकंद. निजगती विषुवांशात +२८१.३, क्रांतीत −३६०.२ मिलीआर्कसेकंद प्रतिवर्ष. अरीय वेग −४.७ किमी/से धरला आहे.

स्पर्शीय वेग = ४.७४ × निजगती ÷ पॅरलॅक्स. एकूण निजगती ४५७, म्हणून ४.७४ × ४५७ ÷ १०२.९४ = २१.० किमी/से. अरीय वेग वर्ग करून मिळवला की एकूण २१.६ किमी/से.

बीटा पिक्टोरिस: पॅरलॅक्स ५०.९, निजगती +४.६५ आणि +८३.१, अरीय वेग +२०. स्पर्शीय वेग जेमतेम ७.७. एकूण २१.४.

एकाची धाव जवळजवळ सगळी आडवी, दुसऱ्याची जवळजवळ सगळी आपल्यापासून दूर, आणि बेरीज मात्र तीच. पण नुसत्या एकूण वेगावर थांबू नका, दिशाही जुळली पाहिजे. त्यासाठी वेग आकाशगंगेच्या अक्षांवर फिरवायचा: यू आकाशगंगेच्या केंद्राकडे, व्ही परिभ्रमणाच्या दिशेने, डब्ल्यू उत्तर ध्रुवाकडे. २००० सालच्या अक्षांचा ठरलेला मॅट्रिक्स वापरून मला मिळालेली उत्तरं:

एयू मायक्रोस्कोपी: (−१०.२, −१६.१, −१०.१)
बीटा पिक्टोरिस: (−११.१, −१६.०, −९.१)

गटाची सरासरी (−१०.९, −१६.०, −९.०) च्या आसपास धरतात. दोघांमधला फरक दीड किमी/से पेक्षा कमी. ९० अंश लांबच्या दोन ताऱ्यांसाठी ही जुळणी फार सुंदर आहे.

लघुलुब्धक

आर्द्राताईंच्या गणिताला जोडून, नेहमी चुकतं ते कुठे:

गायाच्या विषुवांशातल्या निजगतीत क्रांतीचा कोसाइन आधीच गुणलेला असतो. जुन्या पुस्तकातलं सूत्र बघून पुन्हा गुणलात की −६० अंशांवरच्या ताऱ्याची ती गती थेट निम्मी होते. उत्तर शहाण्यासारखंच दिसतं, म्हणून चूक सापडत नाही.

यू चं चिन्ह. जुन्या काही शोधनिबंधांत केंद्राच्या उलट दिशा धन धरलेली आहे. कोष्टकात यू +११ आणि बाकीचे दोन जुळत असतील तर बहुधा हेच कारण असतं.

सूर्याची गती मिळवायची की नाही. गटांची सगळी प्रचलित मूल्यं सूर्यसापेक्ष असतात. तुमच्या प्रोग्रॅमने 'स्थानिक विरामसंदर्भ' (आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी चालीच्या तुलनेतला वेग) निवडला असेल तर तो सूर्याचे (११.१, १२.२, ७.३) आपणहून मिळवतो आणि काहीच जुळत नाही.

आणि तेजस्वी तारे. बीटा पिक्टोरिस गायासाठी फार झगझगीत आहे, त्यामुळे तिथली मापं मंद ताऱ्यांइतकी नेमकी नसतात. गायाच्या आधीच्या हिपार्कोस उपग्रहाच्या मापाशी ताडून बघावं. शिवाय तो ए वर्गाचा (तापलेला, पांढरा), गरगर फिरणारा तारा आहे, वर्णरेषा पसरट होतात, अरीय वेग एखाद्या किमी/से ने इकडे-तिकडे होऊ शकतो.

त्रिशंकू

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, त्यात फार महत्त्वाचं काहीतरी लपलंय.

(−११, −१६, −९) मध्ये सूर्याची गती मिळवून बघा. उरतं (०, −४, −२). म्हणजे ज्या २१ किमी/से ची आपण एवढी चर्चा करतोय, ती बहुतांशी सूर्याचीच धाव आहे! गट स्वतः परिसराच्या तुलनेत जेमतेम साडेचार किमी/से ने सरकतोय. वायूचे ढग आकाशगंगेभोवती जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरतात, त्यातून नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांना इकडेतिकडे ढकलले जायला वेळच मिळालेला नसतो. सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा, त्याने खूप धक्के खाल्लेत.

याचा परिणाम असा की टीडब्ल्यू हायड्री गट (−१२, −१८, −६), टुकाना-होरोलोजियम (−१०, −२१, −१), कोलंबा (−१२, −२१, −६), कॅरिना (−११, −२२, −६), सगळे वेगाच्या नकाशावर एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेत. कोलंबा आणि कॅरिना तर वेगावरून वेगळे करताच येत नाहीत, जागा बघावी लागते. म्हणून 'वेग तरुणांसारखा आहे' आणि 'अमुक गटाचा सदस्य आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. चर्चेत ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, ते टाळलं पाहिजे.

क्षितिजरेषा

उलट बाजूने विचारते. वेग तंतोतंत जुळला आणि जागाही जवळची निघाली, तर जन्म एकत्र झाला असं म्हणायला हरकत काय? सप्तर्षींचं उदाहरण तर वेगावरूनच उभं राहिलं ना?

कालपुरुष

हरकत आहे, आणि सप्तर्षींपासूनच सांगतो.

१८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टरने दाखवलं की सप्तर्षींपैकी पाच जण एकाच दिशेने चाललेत: पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस आणि वसिष्ठ. वसिष्ठाबरोबर अरुंधतीही. दोन टोकांचे क्रतू आणि मरीचि मात्र वेगळ्या वाटेने जातात, त्यामुळे लाखभर वर्षांनी पतंगाची आकृती मोडलेली असेल. हा गट सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहे, वय सुमारे ४० कोटी वर्षं. मधला गाभा खराच एकत्र जन्मलेला आहे, आणि हे आपण ठामपणे म्हणू शकतो ते पाचही तारे वयाने एकसारखे निघाले म्हणून. वेग हा फक्त पहिला सुगावा होता.

गडबड पुढे झाली. विसाव्या शतकात ऑलिन एगनने वेगाच्या साम्यावरून मोठमोठे 'सुपरक्लस्टर' मांडले. सप्तर्षी गटाशी वेग जुळतो म्हणून व्याध, रोहिणीजवळच्या हायडीझशी जुळतो म्हणून आकाशभर विखुरलेले शेकडो तारे. हिपार्कोसचा कॅटलॉग १९९७ मध्ये आला आणि या प्रवाहांतल्या ताऱ्यांची वयं नीट काढता आली तेव्हा दिसलं की एकाच प्रवाहात कोवळे तारेही आहेत आणि अब्जावधी वर्षांचे म्हातारेही. एकाच ढगातून जन्मलेल्यांत असं होणं शक्य नाही. आकाशगंगेचा मधला दांडा आणि सर्पिल भुजा आपल्या गुरुत्वाकर्षणाने वेगवेगळ्या ताऱ्यांना हाकत एकाच चालीला लावतात. गावच्या बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्याने चाललेली माणसं एका घरची असतीलच असं नाही.

तेव्हा वेग, जागा आणि वय, तिन्हींचा पुरावा स्वतंत्रपणे यायला हवा. वय हे वेगावरून गृहीत धरायचं नाही. 'गटाचा वेग जुळला, गटाचं वय २ कोटी, म्हणून ताऱ्याचं वय २ कोटी' हा तर्क छापील निबंधांतही आढळतो, आणि तिथेच पाया ढिला होतो.

(अवांतर: रोहिणी स्वतः हायडीझची सदस्य नाही. ती ६५ प्रकाशवर्षांवर, हायडीझ दीडशेवर. एका रेषेत आहेत इतकंच.)

वैतरणी

नवे सदस्य शोधायचे असतील तर गायातून यादी कशी काढायची, ते लिहितो.

पॅरलॅक्स १० मिलीआर्कसेकंदांच्या वर ठेवला की १०० पार्सेकच्या आतले तारे येतात. गायाच्या जवळच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगात असे ३,३१,३१२ आहेत. पॅरलॅक्स भागिले त्याची त्रुटी २० च्या वर ठेवा, फारसं कुणी गळत नाही, कचरा मात्र जातो.

मग रुवे. हा आकडा एका ताऱ्याच्या सरळ चालीत गायाची मापं किती नीट बसली ते सांगतो. १.४ च्या वर गेला तर बहुधा जोडतारा. इथे बरेच जण क्वेरीतच कात्री लावतात. तसं करू नका. लाल बटूंत जोडतारे भरपूर असतात आणि गटातले कितीतरी खरे सदस्य त्या कात्रीत जातात. वेगळी खूण करून ठेवा, त्यांची निजगती थोडी सैल धरा.

आता मुख्य पायरी. आकाशभर पसरलेल्या गटासाठी निजगतीच्या आलेखात पुंजका शोधून काही मिळत नाही, कारण प्रत्येक दिशेला तोच वेग वेगळा दिसतो. वर एयू मायक्रोस्कोपीचे ४५७ आणि बीटा पिक्टोरिसचे ८३ बघितलेच आहेत. दीडशे पार्सेकवरच्या लहानशा पुंजक्याला ती युक्ती चालते, इथे नाही. म्हणून उलटं करायचं: गटाचा (यू, व्ही, डब्ल्यू) घ्या, तो प्रत्येक ताऱ्याच्या दिशेने प्रक्षेपित करा, त्या ताऱ्याच्या पॅरलॅक्सवरून अपेक्षित निजगती काढा आणि प्रत्यक्ष निजगतीशी ताडा. फरक स्पर्शीय वेगात दोन-तीन किमी/से च्या आत असला तर उमेदवार.

याच गणितातून एक तिसरी गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे अपेक्षित अरीय वेग. सदस्य असेल तर अरीय वेग अमुक यायलाच हवा, हे भाकीत आधी लिहून ठेवा आणि मग वर्णपट बघा. गायात अरीय वेग ३ कोटींहून जास्त ताऱ्यांचे आहेत, पण साधारण १४ व्या प्रतीपर्यंतच, त्यामुळे गटातले सगळ्यात हलके लाल बटू आणि तपकिरी बटू नेमके बाहेर राहतात.

अरीय वेगाशिवाय केलेल्या यादीत योगायोगाने बसलेलेच जास्त असतात, हे मनाशी पक्कं ठेवा.

आर्द्रा

याच्या जोडीला बॅनियन सिग्मा. २०१८ मध्ये गान्ये आणि सहकाऱ्यांनी दिलेलं हे साधन १५० पार्सेकच्या आतले २७ गट आणि सर्वसाधारण तारे यांत प्रत्येक ताऱ्याची संभाव्यता वाटून देतं. जागेचे तीन आणि वेगाचे तीन, अशा सहा अक्षांवर प्रत्येक गट एक लंबगोल ढग धरलेला आहे.

वापरताना दोन गोष्टी. ९९ टक्के आले म्हणजे तारा तरुण आहे असा अर्थ होत नाही, त्या गणितात वयाचा काही पुरावा घातलेलाच नसतो. आणि साधनाला जे गट माहीत आहेत त्यांतच ते वाटणी करतं. यादीत नसलेल्या गटाचा तारा एकतर सर्वसाधारण ठरतो किंवा शेजारच्या गटात ढकलला जातो.

लघुलुब्धक

मग वयाचा स्वतंत्र पुरावा कोणता, ते लिहायला हवं. माझ्या मते लिथियमच्या तोडीचं काही नाही.

लिथियम २५ लाख केल्विनच्या आसपास प्रोटॉनशी भिडून नष्ट होतं. हलके लाल बटू आतून संपूर्ण ढवळले जातात, त्यामुळे गाभा एकदा तेवढा तापला की पृष्ठभागावरचं लिथियमही खाली जाऊन संपतं. पण जितका तारा हलका तितका तो हळू आकसतो, गाभा उशिरा तापतो. म्हणून कोणत्याही वयाला एक सीमारेषा असते: तिच्या वरच्या लाल बटूंत लिथियम नाही, खालच्यांत आहे. वय वाढतं तशी रेषा मंद ताऱ्यांकडे सरकते. कृत्तिकांत ती एम ६ च्या (एम हा लाल बटूंचा वर्णवर्ग, आकडा वाढतो तसा तारा थंड आणि मंद) पलीकडे आहे आणि त्यावरून वय साडेबारा कोटी वर्षं निघालं. बीटा पिक्टोरिस गटात ती एम ४-एम ५ च्या आसपास आहे, वय २.१ कोटी, त्रुटी ४० लाख.

याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे दक्षिण मत्स्यातली जोडी डब्ल्यूडब्ल्यू आणि टीएक्स पिसिस ऑस्ट्रिनी. दोघांमध्ये फक्त ३६ आर्कसेकंदांचं अंतर. मोठ्यात लिथियमची रेषा नाही. धाकटा वर्णवर्गात जेमतेम अर्ध्या पायरीने खाली, आणि त्यात ती ठसठशीत दिसते. सीमारेषा अक्षरशः दोन भावंडांच्या मधून गेली आहे. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

बाकीच्या खुणा दुय्यम. हायड्रोजन-अल्फाची उजळ रेषा एम ५ च्या ताऱ्यात अब्जावधी वर्षं टिकते, तिच्यावरून तारुण्य सिद्ध होत नाही. क्ष-किरणांचंही थोडंफार तसंच, जवळजवळ फिरणारे जोडतारे म्हातारपणीही झगमगतात. रंग-प्रत आलेखात कोवळा लाल बटू मुख्य क्रमाच्या (प्रौढ ताऱ्यांच्या ओळीच्या) एक-दीड प्रत वर दिसतो, पण सारख्या तेजाची जोडीही ०.७५ प्रतीने वर दिसते. त्यामुळे पाऊण प्रतीचा फरक दिसला की आधी जोडीची शंका घ्यायची.

क्षितिजरेषा

लिथियमची रेषा हौशी साधनाने घेता येते का? ताऱ्यांच्या वर्णपटासाठी मिळणारी मिलिमीटरला १०० रेषांची जाळी पुष्कळांकडे असते.

त्रिशंकू

त्या जाळीने नाही येणार. तिची विभेदनक्षमता १०० च्या घरात असते, म्हणजे ६७०० अँगस्ट्रॉमला एक ठिपका ६०-७० अँगस्ट्रॉमचा. लिथियमची रेषा ६७०७.८ ला, रुंदी अँगस्ट्रॉमच्या काही दशांश. लाल बटूंचे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे मात्र त्या जाळीने सुरेख येतात.

लिथियमला फटीचा वर्णपटदर्शक हवा. मिलिमीटरला २४०० रेषांची जाळी असलेले, हौशी लोक वापरतात ते, १५ हजारांच्या आसपास जातात. तेवढ्यात लिथियम ६७१७.७ च्या कॅल्शियमपासून स्वच्छ सुटतं. ६७०७.४ ची लोहाची बारीक रेषा मात्र लिथियमला चिकटलेली राहते, आणि जी-के वर्गाच्या ताऱ्यात तिचा वाटा वजा केला नाही तर थोडं लिथियम उगाच सापडतं. आठ इंची दुर्बिणीवर एवढ्या विभेदनाला आठव्या प्रतीच्या पुढे जाणं कठीण. लांबलचक एक एक्स्पोजर घेण्यापेक्षा १०-१५ मिनिटांचे तुकडे घ्या, आधी-नंतर निऑनच्या दिव्याचा वर्णपट ताळ्यासाठी घ्या. तापमान उतरतं तसा वर्णपट सरकतो.

वैतरणी

वयाची आणखी एक वाट आहे, ती दिसायला सगळ्यात सोपी आणि करायला सगळ्यात अवघड: तारे मागे चालवत न्यायचे आणि ते सगळ्यात जवळ कधी होते ते बघायचं. बीटा पिक्टोरिस गटासाठी २०२० मध्ये या पद्धतीने १.८५ कोटी वर्षं आली. तारकांच्या प्रतिरूपांवरून २०१५ मध्ये २.४ कोटी आली होती.

अडचण एका ओळीत सांगता येते. १ किमी/से म्हणजे १० लाख वर्षांत १.०२ पार्सेक. वेगात १ किमी/से ची चूक असेल तर २ कोटी वर्षं मागे गेल्यावर तारा २० पार्सेकने चुकीच्या जागी. जन्मस्थळ स्वतःच तेवढ्या आकाराचं!

आणि चूक नुसती मापनाची नसते. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाश तांबडा सरकतो, सूर्यासाठी हे ०.६ किमी/से. पृष्ठभागावर उकळ्या फुटतात त्याने थोडा निळा सरकतो. दोन्ही मिळून जो फरक उरतो तो गटातल्या सगळ्या ताऱ्यांना एकाच बाजूला ढकलतो, त्यामुळे सरासरी घेऊन तो जात नाही. सगळे तारे आहेत त्यापेक्षा जास्त वेगाने आपल्यापासून दूर जाताना दिसतात, पसरणं जलद वाटतं आणि वय कमी निघतं. जोडतारे वगळायचे ते इथे. शोधताना ठेवा, मागे चालवताना काढा.

एबी डोरॅडस गटावर ही पद्धत चालवू नका. त्याचं वय १५ कोटींच्या आसपास. तेवढ्यात तारे आकाशगंगेच्या प्रतलातून वर-खाली दोनेक हेलकावे घेतात, आणि सुरुवात कुठेही झालेली असली तरी दर अर्ध्या हेलकाव्याला गोळा झाल्यासारखे दिसतात. तो जन्म नव्हे.

क्षितिजरेषा

दोन कोटी की अडीच कोटी, यावर एवढा खल कशासाठी, असं वाचणाऱ्याला वाटू शकेल. ग्रहांमुळे ना?

कालपुरुष

मुख्यतः ग्रहांमुळे. नवजात ग्रह तापलेला असतो आणि निवत जातो. चित्रात त्याचं तेज मोजता येतं, वस्तुमान नाही. तेज आणि वय मिळून वस्तुमान निघतं, आणि वय ताऱ्याकडून, म्हणजे गटाकडून येतं. ५१ एरिडॅनी याच गटातला, त्याचा ग्रह २०१५ मध्ये थेट दिसला. वय जास्त धरलं की तेवढ्याच तेजाला ग्रह जड धरावा लागतो.

बीटा पिक्टोरिसच्या ब ग्रहाचं वस्तुमान मात्र वेगळ्या वाटेनेही काढता आलं. हिपार्कोस आणि गाया यांच्या मापांत सुमारे २५ वर्षांचं अंतर आहे. तेवढ्यात ताऱ्याची निजगती ग्रहाच्या ओढीने किती बदलली ते बघून २०१८ मध्ये गुरूच्या ११ पट असा अंदाज आला. वयावरून येणाऱ्या आकड्याशी तो जुळता आहे, म्हणजे गटाच्या वयाचीही ही परीक्षाच झाली.

याउलट एचआर ८७९९. २००८ पासून चित्रांत दिसलेले चार ग्रह, अंतर ४१ पार्सेक. त्याला कोलंबा गटात धरून ४ कोटींच्या आसपासचं वय घेतात, पण त्याच्या सदस्यत्वावर एकमत नाही. तिथे ग्रहांचं वस्तुमान उद्धृत करताना वय कशावरून घेतलं तेही सोबत लिहावं.

आर्द्रा

महाराष्ट्रातून स्वतः मोजण्यासारखं काही हवं असेल तर एयू मायक्रोस्कोपीचं तेज. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री आठच्या सुमारास तो दक्षिणेला ४० अंशांवर असतो. पावसाळी ढग तोवर बरेच सरलेले असतात. अंगावर मोठे डाग आहेत, तारा ४.८६ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तेज काही टक्क्यांनी वरखाली होतं. चार इंची दुर्बीण, साधा कॅमेरा आणि व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाश सोडणारा) पुरतो.

तुलनेचे तारे शक्यतो लालसर घ्या. निळा तुलनातारा आणि लाल लक्ष्य असेल तर क्षितिजाकडे जाताना हवा दोघांना वेगवेगळं मंद करते आणि रोज रात्री एक खोटा उतार दिसतो. एक्स्पोजर कमी ठेवून किंचित आउट ऑफ फोकस करा, म्हणजे पिक्सेल भरून वाहणार नाहीत.

लघुलुब्धक

त्यात एक भर. ४.८६ हा आकडा ५ च्या फार जवळ आहे. दररोज रात्री एकाच वेळी एक मोजमाप घेतलंत तर पाच रात्रींनी तुम्ही जवळजवळ त्याच कलेवर येता, फक्त तीन टक्क्यांनी पुढे. आलेखात पाचच ठिकाणी ठिपके साचतात आणि मधली दरी भरायला ३५ दिवस लागतात. तोवर डागच बदललेले असू शकतात. म्हणून प्रत्येक रात्री तारा दिसतोय तेवढे चार-पाच तास सलग मोजा आणि पूर्वेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या, दुसऱ्या रेखांशावरच्या कुणाला तरी जोडीला घ्या. दोघांनी तेच तुलनातारे आणि तोच फिल्टर आधीच ठरवून घ्यावा, नंतर जुळवत बसलं तर काही टक्क्यांचा खरा बदल त्या जुळवाजुळवीतच जातो. सलग मोजण्यात मध्येच काही मिनिटांत चढून अर्ध्या-एक तासात उतरणारी उसळी दिसली तर ते बिंदू चूक समजून काढू नका. हा तारा भडकणारा आहे, ती वेळ सेकंदासकट नोंदवा.